चित्राशी जुळला म्हणजे ओळखला?

शंख-शिंपले ओळखायला शिकवणारी सचित्र पुस्तके आता पुष्कळ मिळतात. बऱ्याच शाळांच्या ग्रंथालयांतही एखादे असते. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे, प्रत्येक चित्राखाली लॅटिन नाव आणि दोन-चार ओळींची माहिती. किनाऱ्यावरच्या सहलीहून परतलेली मुले पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी करतात, पुस्तक उघडतात आणि हातातला शंख चित्राशी जुळवू लागतात. कवड्या लगेच सापडतात. कालवे आणि तिसऱ्या तर घरूनच ओळखीच्या असतात. तासाभरात यादी तयार होते आणि पिशवीच्या तळाशी उरलेली वाळू खिडकीबाहेर झटकली जाते. या पुस्तकांविषयीची आमची तक्रार त्या झटकलेल्या वाळूपासून सुरू होते.

भरतीच्या रेषेजवळची अशी चिमूटभर वाळू काळ्या कागदावर पसरावी आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावी. काही कण दगडाचे असतात, काही मोडक्या शिंपल्यांचे. पण मधूनच एखादा कण म्हणजे अख्खा शंख निघतो. उंची दोन, तीन, फार तर चार मिलिमीटर; वेटोळी, मुख, नक्षी सगळे जागच्या जागी. ही मोठ्या शंखांची पिल्ले असतील असे समजून ती बाजूला सारण्याचा मोह होतो. काही पिल्ले असतातही. परंतु बरेचसे शंख पूर्ण वाढलेल्या प्राण्यांचे असतात. त्यांची जातच तेवढी. जाती हा शब्द आम्ही येथे स्पीशीज या अर्थी वापरत आहोत. एकमेकींच्या जवळच्या जातींचा मिळून एक वंश आणि वंशांचे मिळून कुल, ही उतरंड वाचकांना परिचित आहेच.

अशा बारक्या जाती किती असाव्यात? याचे फार चांगले उत्तर न्यू कॅलेडोनिया या प्रशांत महासागरातल्या बेटाने दिले. पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे फिलीप बूशे आणि त्यांचे सहकारी यांनी तेथल्या कूमाक भागात, सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या उथळ समुद्रात, मृदुकाय प्राण्यांचा कसून शोध घेतला. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण जाती निघाल्या २,७३८. त्यांतल्या एक तृतीयांश जातींचा पूर्ण वाढलेला आकार ४.१ मिलिमीटरपेक्षा कमी होता. आणि एक पंचमांश जातींचा, एवढ्या खटाटोपानंतरही, फक्त एकच नमुना हाती लागला होता. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात लहान असणे आणि विरळ असणे हा अपवाद नसून मोठ्या समूहाचा नेहमीचा रिवाज आहे, असा याचा अर्थ.

आता चारपाचशे चित्रांचे पुस्तक घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याची कल्पना करा. पुस्तकात सगळ्या जाती नाहीत हा दोष आम्ही मानत नाही. तसे पुस्तक कोणालाच लिहिता येणार नाही आणि लिहिले तर उचलता येणार नाही. दोष हा, की बहुतेक पुस्तके आपण काय वगळले ते सांगतच नाहीत. 'एक सेंटिमीटरपेक्षा लहान शंख या पुस्तकात घेतलेले नाहीत' एवढे एक वाक्य प्रस्तावनेत असते तरी पुरले असते. ते नसल्यामुळे वाचक असे धरून चालतो, की हातातला शंख या चित्रांपैकी कोणता तरी असलाच पाहिजे. मग प्रश्न 'हा कोण?' असा राहत नाही. 'यांतला कोणता?' असा होतो. परीक्षेतल्या 'योग्य पर्याय निवडा' या प्रश्नाची सवय असलेल्या मुलांना तर हे फारच सोपे वाटते.

दुसरा दोष मोजमापाचा. पुष्कळ पुस्तकांत तळहाताएवढा शंख आणि वाटाण्याएवढा शंख दोन्ही पानावर सारख्याच उंचीचे छापलेले असतात. खरा आकार खाली बारीक अक्षरांत असतो आणि तो कोणी वाचत नाही. त्यामुळे तीन मिलिमीटरचा कण भिंगाखाली धरला, की तो चार सेंटिमीटरच्या शंखाच्या चित्रासारखा 'हुबेहूब' दिसतो. तिसरा दोष सर्वांत गंभीर आणि त्याच्याकडे लक्षही जात नाही: चित्रे शंखाच्या मुखाची आणि पाठीची असतात. शिखराचे टोक जवळून दाखवणारे चित्र शोधूनही सापडत नाही. बारक्या शंखांची खरी ओळख तर नेमकी त्या टोकावर असते.

हे उदाहरणानेच पटेल. भिंगाखालच्या वाळूत एक सडपातळ, तपकिरी, मनोऱ्यासारखा, अंगभर मणी जडवल्यासारखा कण सापडला असे समजू. चित्रांच्या पुस्तकात असा एखादा शंख असतोच आणि जुळवणी संपते. पण जुळवणीच्या आधी एक गोष्ट करायला हवी. शंखाचे शिखर वर आणि मुख आपल्याकडे धरून मुख कोणत्या हाताला येते ते पाहायचे. बहुसंख्य शंखांचे मुख उजवीकडे येते. ते डावीकडे आले आणि शंख असाच सडपातळ व मण्यांचा असला, तर तो ट्रायफोरिडी या कुलातला, हे जवळजवळ निश्चित. डावे वळण हा या कुलाचा शिक्काच आहे.

येथे आपल्याकडे एक गोंधळ होण्यासारखा आहे. देवघरात मोलाचा मानलेला दक्षिणावर्ती, म्हणजे उजव्या वळणाचा शंख हा प्राणिशास्त्राच्या मोजणीने डाव्या वळणाचा असतो. शंख धरण्याची पद्धत उलटी, म्हणून नाव उलटे. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, पण वर्गात हे आधी सांगून टाकलेले बरे. आणखी एक सूचना: चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. रेम्ब्रांटने १६५० साली कोरलेला शंख प्रसिद्ध आहे. त्याने धातूच्या पत्र्यावर समोरचा शंख जसाच्या तसा कोरला आणि कागदावर तो उलट्या वळणाचा उमटला. सही मात्र त्याने आठवणीने उलटी कोरली होती, ती सुलट आली! छायाचित्र उलटे छापले जाणे किंवा फोनमध्ये आरशातल्यासारखे उमटणे हे आजही घडते, आणि ट्रायफोरिडीच्या बाबतीत तेवढ्याने कुल बदलते.

मुख उजवीकडे असले तर दुसरी शक्यता सेरिथिऑप्सिडी या कुलाची. हेही मण्यांचे मनोरे आणि तपकिरीच. ट्रायफोरिडीची आरशातली प्रतिमा म्हणावी इतके साम्य. दोन्ही कुलांतले प्राणी स्पंजांवर राहतात आणि स्पंज खातात. मणी नसून उभ्या बरगड्या असतील आणि शंख पांढुरका, चकचकीत असेल, तर टर्बोनिला या वंशाकडे वळावे. टर्बोनिला पिरॅमिडेलिडी कुलातला. हे प्राणी दुसऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांना सोंड टोचून त्यांच्या शरीरातला रस शोषतात. टर्बोनिला ओळखण्याची खूण शिखरावर आहे. तेथली पहिली एकदोन वेटोळी बाकीच्या मनोऱ्याशी एका रेषेत नसतात. टोपी तिरकी बसावी तशी कलंडलेली असतात. कारण अळीच्या अवस्थेत हा शंख एका दिशेने वळत होता आणि नंतर त्याने दिशा बदलली. चौथी शक्यता विसरू नये: एखाद्या मोठ्या शंखाचे पिल्लू. पूर्ण वाढलेल्या शंखाच्या मुखाची कड बहुधा जाड झालेली असते. ट्रायफोरिडीत तर मुखाच्या खालच्या बाजूची पन्हळ मिटून तिची बारीक नळी होते. कड पातळ, नाजूक, मध्येच थांबल्यासारखी असेल तर नाव देण्याची घाई करू नये.

एवढे सगळे दहापट भिंगाने होते. कुलापर्यंतची ओळख नववी-दहावीच्या मुलांच्या आवाक्यातली आहे, आणि आमच्या मते ती चित्राशी जुळवून मिळवलेल्या पन्नास नावांपेक्षा अधिक मोलाची आहे. तिच्यात प्रत्येक पायरीला कारण देता येते.

शिखराविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. गोगलगायीचा शंख टोकापासून मुखाकडे वाढत जातो, जुना भाग टाकला जात नाही. म्हणजे सर्वांत वरचा कण हा त्या प्राण्याचे बालपण. त्याला आपण बालशंख म्हणू. अंड्यात पिवळा बलक भरपूर असेल तर पिल्लू आतच बराच काळ वाढते. मग बालशंखाची सुरुवात मोठी आणि गोलसर होते, आणि वेटोळी एक-दीडच. बलक थोडा असेल तर अळी लवकर बाहेर पडते, पाण्यात तरंगत, सूक्ष्म वनस्पती खात अनेक दिवस काढते. तेव्हा बालशंखाचे टोक अगदी बारीक आणि वेटोळी तीन-चार किंवा जास्त. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ गुन्नार थोरसन यांनी १९५० च्या सुमारास हा संबंध मांडला आणि तो थोड्याफार अपवादांसह टिकला आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या टोकावरून त्या प्राण्याची अळी प्रवाहाबरोबर दूर जाऊ शकत होती की जन्मली त्याच खडकाजवळ राहत होती, याचा अंदाज करता येतो! आमच्या माहितीत जीवशास्त्राच्या तासाला इतक्या स्वस्तात दाखवता येण्याजोगे याहून चांगले काही नाही.

हाच बालशंख जातीच्या ओळखीलाही लागतो. ट्रायफोरिडीत दोन जातींची मोठी वेटोळी अगदी सारखी असून बालशंख पूर्ण वेगळे, असे प्रकार पुष्कळ आहेत. कुठे बालशंखावर दोन कंगोरे आणि त्यांना छेदणाऱ्या बारीक बरगड्या. कुठे घुमटासारखे गुळगुळीत टोक. त्याखालच्या वेटोळ्यांवर मण्यांच्या माळा असतात. पुष्कळदा सुरुवातीला दोनच असतात, वरची आणि खालची. मधली माळ नंतर उगवते. ती कितव्या वेटोळ्यावर उगवते आणि किती वेगाने जाड होते, यावर तज्ज्ञ दोन जाती वेगळ्या करतात. शिवाय प्राणी जिवंत मिळाला तर त्याच्या तोंडातली दातांची पट्टी पाहतात. ती इतकी बारीक असते, की साध्या सूक्ष्मदर्शकातून तिच्यातले बारकावे नीट दिसत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पृष्ठभागाचे चित्र देणारा तसला सूक्ष्मदर्शक १९६५ पासून विकत मिळू लागला, आणि तेव्हापासून या शास्त्राचे रूपच पालटले. ब्रूस मार्शल यांनी १९८३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ट्रायफोरिडींचा जो आढावा प्रसिद्ध केला, तो बालशंख आणि दात यांच्यावर उभा आहे. एक कुल, एक प्रदेश, आणि एक आख्खा ग्रंथ.

किनाऱ्यावरच्या वाळूतल्या शंखाचे शिखर मात्र बहुधा झिजलेले किंवा तुटलेले असते. लाटांनी घासून घासून मणीही सपाट झालेले, रंग उडालेला. अशा कणाची जात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकालाही सांगता येत नाही, कारण सांगणारा भागच उरलेला नाही.

आता हीच कसोटी एका जुन्या लेखनाला लावून पाहू, कारण तो विषय थेट आपल्या दाराशी येतो. इंग्लंडातल्या मँचेस्टरचे जेम्स कॉस्मो मेल्विल यांनी अलेक्झांडर अबरक्रॉम्बी यांच्यासह १८९३ मध्ये मुंबईच्या समुद्री मृदुकाय प्राण्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर १८९६ मध्ये मुंबईच्या केवळ सूक्ष्म समुद्री शंखांच्या नव्या जातींवर मेल्विल यांचा स्वतंत्र निबंध निघाला. ज्या काळी संग्राहकांची सगळी हौस मोठ्या, झगझगीत, बाजारात किंमत येणाऱ्या शंखांवर होती, त्या काळी मुंबईच्या किनाऱ्यावरचे मिलिमीटरभराचे कण कोणी तरी उचलले, जपले, तपासले आणि त्यांना नावे दिली. आजच्या गुळगुळीत पुस्तकांना जे सुचत नाही ते या मंडळींना सव्वाशे वर्षांपूर्वी सुचले होते.

पण ते वर्णन हातात घेऊन आजचा कण ओळखू गेले तर काय होते? त्या काळच्या रीतीप्रमाणे वर्णन थोडक्यात आणि लॅटिनमध्ये. बांधा, रंग, वेटोळ्यांची संख्या, लांबी-रुंदी, आणि सोबत हाताने काढलेले लहानसे चित्र. त्या दिवसांत ओळखीच्या दहा-वीस जातींपासून एखादी वेगळी काढायला तेवढे पुरत असेल. आता तशाच बांध्याच्या कितीतरी जाती ठाऊक झाल्या आहेत आणि त्या वर्णनाच्या अंगरख्यात त्यांतल्या अनेक सहज मावतात. मेल्विल यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता म्हणून दोष देणे हा शुद्ध अन्याय होईल. दोष असलाच तर त्यांच्यानंतर ते नाव निश्चिंतपणे वापरणाऱ्यांचा. जुने नाव म्हणजे एका विशिष्ट नमुन्याला लावलेली चिठ्ठी. तो मूळ नमुना, ज्याला प्ररूप म्हणतात, तो समोर ठेवून तुलना केल्याशिवाय 'हाच तो' असे म्हणता येत नाही. मेल्विल यांच्या संग्रहाचा मोठा भाग आज वेल्समधल्या कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मुंबईच्या वाळूतला कण ओळखायचा तर साक्षीदार कार्डिफला किंवा लंडनला, अशी ही परिस्थिती. अलीकडे प्ररूपांची छायाचित्रे संगणकावर उपलब्ध होऊ लागली आहेत हे चांगलेच झाले. मात्र तेथेही शिखराचे जवळून घेतलेले चित्र आहे का, हे आधी पाहावे.

यातून बिघडते काय, असे कोणी विचारील. तीन मिलिमीटरच्या गोगलगायीचे नाव चुकले तर कोणाचे काय अडले?

उत्तरासाठी भूमध्य समुद्रात जावे लागेल. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि तांबडा समुद्र व भूमध्य समुद्र एकमेकांना जोडले गेले. तेव्हापासून उष्ण समुद्रातले शेकडो प्रकारचे प्राणी कालव्यातून, काही जहाजांबरोबर, भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात पोचले आहेत. मासे, खेकडे, शिंपले आणि हे बारके शंखसुद्धा. तेथल्या परक्या जातींच्या याद्यांमध्ये सेरिथिऑप्सिस टेन्थ्रेनॉइस आणि टर्बोनिला एडगारी ही दोन नावे आढळतात. दोन्ही नावे मेल्विल यांनी १८९६ साली दिलेली, म्हणजे मुंबईच्या सूक्ष्म शंखांवरचा त्यांचा निबंध निघाला त्याच वर्षी. पहिल्या नावात गांधीलमाशीसाठीचा ग्रीक शब्द दडलेला आहे. मण्यांमधल्या खळग्यांवरून पोळे आठवले असावे, असा आमचा तर्क. ते असो. मुद्दा असा, की इस्राएल किंवा तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडलेला कण परका ठरवायचा तर त्याचे घर कोणते ते माहीत हवे. घर नावावरून कळते आणि नाव प्ररूपावरून. यातली एक कडी सैल असली, की सगळी साखळी लटकी पडते. कदाचित तो कण परका नसेलच. भूमध्य समुद्रातलीच, आजवर कोणाच्या नजरेस न पडलेली जात असेल. एका चुकीच्या नावाने परक्यांच्या यादीत एक भर पडते, आणि तिथली एक जात कोणाला कळण्याआधीच पुसली जाते.

या समुद्रातलेच दुसरे उदाहरण आम्हांला फार आवडते. काही वर्षांपूर्वी तेथे एक डाव्या वळणाचा, ट्रायफोरिडी कुलातला परका शंख सापडला. वंश व्हिरिओला, हे नक्की. तज्ज्ञांनी त्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली आणि शेवटी २०१८ च्या निबंधात नाव देताना मध्ये 'सीएफ' ही दोन अक्षरे घातली: व्हिरिओला सीएफ कोरुगाटा. सीएफ म्हणजे लॅटिनमधल्या 'कन्फर' या शब्दाचे संक्षिप्त रूप. अर्थ, 'तुलना करून पाहा'. हा शंख १८४३ मध्ये हाइंड्स यांनी वर्णन केलेल्या कोरुगाटासारखा दिसतो, पण तोच आहे असे आम्ही म्हणत नाही, एवढे सगळे त्या दोन अक्षरांत येते. ज्यांच्याकडे उत्तम उपकरणे आणि आयुष्यभराचा अनुभव आहे त्यांनी जेथे थांबायचे ठरवले, तेथून पुढे आपली सचित्र पुस्तके एका उडीत जातात.

आपल्याकडेही हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मुंबई आणि न्हावाशेवा ही मोठी बंदरे आहेत. जहाजांच्या तळाला चिकटून आणि त्यांच्या पोटातल्या पाण्यातून जगभरचे प्राणी येथे येऊ शकतात. उद्या एखादा नवखा बारीक शंख कोकणच्या खडकांवर दिसला, तर तो नवा आहे की पूर्वीपासूनचा, हे ठरवायला आपल्याजवळ जुनी नोंद कोणती? १८९३ आणि १८९६ चे ते निबंध. मधल्या काळात मुंबईच्या किनाऱ्याचे कितीतरी भाग भराव घालून बुजवले गेले. तेव्हाच्या नोंदींची किंमत त्यामुळे वाढलीच आहे. त्यांच्याशी आजचा कण ताडून पाहायचा तर आजची ओळखही तितक्याच काळजीची असली पाहिजे.

सध्या पुस्तकांची जागा फोनवरच्या ओळख सांगणाऱ्या सोयी घेत आहेत. छायाचित्र काढायचे, नाव येते. पक्षी, फुलपाखरे, मोठी झाडे यांच्या बाबतीत त्यांचा उपयोग आम्ही नाकारत नाही. पण ही यंत्रणा माणसांनी नावे लावलेल्या छायाचित्रांवरून शिकते. ज्या जातींची छायाचित्रेच कमी, किंवा असलेल्यांना लावलेली नावेच अंदाजाची, त्यांच्याबाबत ती शिकणार कशी? तिला ठाऊक असलेल्यांपैकी सर्वांत जवळचे नाव ती देते. म्हणजे सचित्र पुस्तकाचाच दोष, फक्त वेग जास्त. त्यातून वाईट असे, की मुलाने घाईने स्वीकारलेले नाव पुन्हा त्याच साठ्यात जाऊन पडते आणि पुढच्या मुलाला पुरावा म्हणून परत मिळते. काही सोयी खात्री नसेल तेव्हा वंशावर किंवा कुलावर थांबतात. तेवढ्यापुरती त्यांची वर्तणूक पुस्तकांपेक्षा सभ्य म्हटली पाहिजे.

शिक्षकांचा एक आक्षेप आम्ही गृहीत धरतो. मुलांना नाव हवे असते, 'अमुक कुल, जात अनिश्चित' असे सांगितले तर त्यांचा हिरमोड होतो. यात तथ्य आहे. परंतु नाव मिळाले की पाहणे थांबते, हाही आपला नेहमीचा अनुभव. खाजणातल्या झाडांवर चिकटून बसणाऱ्या लिटोरिना स्काब्रा या शंखाचे उदाहरण घ्या. तो बारका नाही, दोन-तीन सेंटिमीटरचा आहे, म्हणून येथे जरा पाहुणाच. त्याचे रंग आणि आकार फार बदलतात असे बरीच वर्षे म्हटले जाई आणि सगळे विविध नमुने त्या एका नावाखाली घातले जात. डेव्हिड रीड यांनी नराची जननेंद्रिये व इतर अंतर्गत रचना तपासून १९८६ मध्ये दाखवून दिले, की त्या एका नावाखाली अनेक जाती एकत्र नांदत होत्या. प्राणी रोज डोळ्यांसमोर होता. नाव आधीच मिळालेले होते, एवढेच.

तेव्हा आम्हांला कसे पुस्तक हवे? फार काही नको. आहे त्याच पुस्तकात दोन पाने वाढवावीत. एका पानावर खऱ्या आकाराचे ठिपके, म्हणजे वाचकाला कळेल की तीन मिलिमीटर म्हणजे केवढे. दुसऱ्यावर शिखरांची चार मोठी रेखाचित्रे: ट्रायफोरिडी, सेरिथिऑप्सिडी, तिरक्या टोपीचा टर्बोनिला आणि मोठ्या शंखाचे पिल्लू. छायाचित्रापेक्षा रेखाचित्र येथे अधिक उपयोगी, कारण रेखाटणाऱ्याला काय महत्त्वाचे ते ठरवावेच लागते. आणि ज्या कुलांत जातीपर्यंत जाणे या पुस्तकाच्या साहाय्याने शक्य नाही, त्यांच्या नावापुढे तसे स्पष्ट छापावे.

असे पुस्तक निघेपर्यंत ज्यांना हे काम वर्गात करायचे आहे त्यांनी भरतीच्या रेषेवरची मूठभर वाळू घ्यावी. जिवंत प्राणी उचलू नयेत. काही शंख-शिंपल्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षणही आहे. वाळू गोड्या पाण्याने धुऊन वाळवावी, चहाच्या गाळणीने चाळावी आणि गाळणीतून खाली पडते ती आधी पाहावी. कण उचलायला ओल्या कुंचल्याचे टोक वापरावे, चिमटा नको. चिमट्याने कण तरी फुटतो नाही तर टुणकन उडतो. एका कुपीत एकाच प्रकारचे कण ठेवावेत. कुपीत कागदाची बारीक चिठ्ठी घालावी आणि ती पेन्सिलीने लिहावी, कारण ओल लागली की शाई पसरते: 'ट्रायफोरिडी, वंश अनिश्चित. शिखर शाबूत. मुखाची नळी पूर्ण.' खाली किनाऱ्याचे नाव, वाळू भरतीच्या रेषेवरची की खडकातल्या डबक्यातली, तारीख, आणि गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव.